प्रकल्प नोंदी: कृत्तिकेकडे तोंड करून असलेली वस्तू

शनिवार, ४ ऑक्टोबर २०२५

नोव्हेंबरअखेर आमच्या आकाशदर्शन गटाचं छोटं प्रदर्शन आहे. विषय कृत्तिका. तक्ते, फोटो, दुर्बिणी हे नेहमीचं होणारच. मी हॉलचा एक कोपरा मागून घेतलाय. ‘एलिट डेंजरस’ या अवकाशयान चालवायच्या ऑनलाइन खेळात सापडलेल्या एका परक्या वस्तूने खेळाडूंना कृत्तिकेपर्यंत कसं नेलं, ते तिथे दाखवायचं आहे. बैठकीत दोघांनी नाकं मुरडली. एकाने विचारलं, शाळेतली मुलं येतील का? येतील म्हटलं, तसा कोपरा मंजूर झाला.

हा खेळ केंब्रिजच्या फ्रंटिअर डेव्हलपमेंट्सचा, डिसेंबर २०१४ मध्ये आलेला. मूळ ‘एलिट’ १९८४ चा, डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल यांनी बीबीसी मायक्रोसाठी लिहिलेला. नव्या खेळात आपली आकाशगंगा पूर्ण आकारात आहे, सुमारे ४०० अब्ज सिस्टीम, म्हणजे तारे आणि त्यांचे ग्रह. जवळचे तारे खऱ्या तारासूचींतून घेतलेले, बाकीचे गणिताने तयार केलेले. खेळातलं साल काढायला आपल्या सालात १२८६ मिळवायचे. म्हणजे तिथे आत्ता ३३११ चालू आहे.

२०१५ च्या उन्हाळ्यात खेळाडूंच्या हाती एक वस्तू लागू लागली. नाव नुसतं ‘अननोन आर्टिफॅक्ट’. खेळाडू तिला ‘यूए’ म्हणत. ती काय आहे, कशासाठी आहे, याचा खेळात कुठेही खुलासा नाही. यानाच्या होल्डमध्ये, म्हणजे माल ठेवायच्या जागेत, ठेवली की यान आतून खराब व्हायला लागायचं. बाहेर अवकाशात सोडली की चिवचिव, घुरघुर आणि मधूनच हंबरल्यासारखा आवाज. पुढे २०१७ मध्ये तिचं नाव ‘थारगॉइड सेन्सर’ झालं. थारगॉइड म्हणजे १९८४ च्या खेळापासून चालत आलेले परके जीव.

परक्या जीवांची गोष्ट मला सांगायची नाही, ती शेकडो व्हिडिओंत सांगून झाली आहे. लोकांनी काय मोजलं आणि त्या मोजण्यातून उत्तर कसं निघालं, एवढंच हवं. तीन गोष्टी ठरवल्या: आवाज वाचणं, दिशा मोजणं, सापडल्याच्या जागा मांडणं. तिन्ही पुन्हा करून बघायच्या, जमेल तेवढ्या हाताने.

रविवार, १२ ऑक्टोबर

आजचा दिवस आकड्यांत गेला. खेळाडूंनी स्वतः उभारलेल्या तारानोंदींत प्रत्येक सिस्टीमचे तीन अंक असतात. सूर्य शून्यावर, एकक प्रकाशवर्ष. ती वस्तू जिच्याकडे तोंड करते ती मेरोपी: −७८.५९, −१४९.६३, −३४०.५३. वर्ग करून, मिळवून, मूळ काढलं की ३८० प्रकाशवर्षं येतात. शेजारची माया: −८१.७८, −१४९.४४, −३४३.३८. दोघींतलं अंतर जेमतेम ४.३. पुढे सगळं या ४.३ भोवती फिरणार आहे, म्हणून वहीत ठळक लिहून ठेवलं.

मेरोपी ही कृत्तिकेतली खरी तारका. साध्या डोळ्यांनी दिसणाऱ्या सहा-सातांपैकी एक. पण खगोलाच्या पुस्तकांत आता कृत्तिकेचं अंतर सुमारे ४४० प्रकाशवर्षं देतात. मग खेळात ३८० कसे?

हे शोधण्यात संध्याकाळ गेली आणि मजा आली. उत्तर हिप्पार्कोस उपग्रहाकडे जातं. १९८९ मध्ये सोडलेल्या या युरोपीय उपग्रहाने सुमारे १,१८,००० ताऱ्यांचे पराशय मोजले. पराशय म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा जागेवरून किती सरकलेला दिसतो तो कोन. खेळातल्या ज्या सिस्टीमच्या नावामागे ‘एचआयपी’ आणि आकडा लागतो, त्यांची नावं या सूचीतून आलेली. मेरोपी त्यात १७६०८ वी. तिच्या मोजमापांचं २००७ मध्ये पुन्हा गणित झालं तेव्हा पराशय आला ८.५८ सहस्रांश आर्कसेकंद. ३२६१.५६ (पराशय एक सहस्रांश आर्कसेकंद असलेल्या ताऱ्याचं प्रकाशवर्षांतलं अंतर) ला ८.५८ ने भागा, ३८० येतात. नेमके खेळातले.

गंमत पुढे आहे. कृत्तिकेच्या बाबतीत हिप्पार्कोसचं मोजमाप इतर पद्धतींशी जुळत नव्हतं. त्याच्या हिशोबाने पुंज १२० पार्सेकवर (एक पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षं), बाकीच्यांच्या हिशोबाने १३० च्या पुढे. वाद बरीच वर्षं चालला. २०१४ मध्ये एकमेकींपासून लांबच्या रेडिओ दुर्बिणी जोडून केलेल्या मोजणीत १३६ पार्सेक आले, पुढे गाया उपग्रहानेही त्याच बाजूने कौल दिला. खेळातली मेरोपी मात्र जुन्या जागीच राहिली, साठ प्रकाशवर्षं अलीकडे. परक्या जीवांनी आपलं ठाणं थाटलं ते एका वादग्रस्त मोजमापावर! एक पूर्ण तक्ता याचाच करणार. गटातल्या नाक मुरडणाऱ्यांनाही हे आवडेल.

शनिवार, १८ ऑक्टोबर

दिवाळीची साफसफाई. काम नाही. जुना वेबकॅम सापडला, तो प्रदर्शनासाठी बाजूला ठेवला.

गुरुवार, २३ ऑक्टोबर, भाऊबीज

ताईकडे गेलो. लॅपटॉप बरोबर नेला होता, त्यावरून आधी बोलणी खाल्ली.

भाची आठवीत आहे. तिला २०१५ सालचं यूएचं एक रेकॉर्डिंग ऐकवलं. चिवचिवाटात मोर्स, म्हणजे तारेची टिंब-रेघांची भाषा, आहे, हे खेळाडूंनी त्याच वर्षी ओळखलं होतं. वस्तू ज्या ग्रहाच्या, ताऱ्याच्या किंवा स्टेशनच्या सगळ्यात जवळ असेल, त्याचं नाव ती मोर्समध्ये सांगते. मी पायथनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिलाय. आवाजाची पातळी ठरावीक रेषेच्या वर गेली की ‘चालू’, खाली आली की ‘बंद’, आणि चालू-बंदच्या लांबीवरून टिंब की रेघ ते ठरवायचं. नियम सोपा आहे: टिंब एक मात्रा, रेघ तीन, अक्षरांमध्ये तीन मात्रांची विश्रांती, शब्दांमध्ये सात. पण रेकॉर्डिंगमध्ये यानाच्या इंजिनाची घरघर मिसळलेली. प्रोग्रॅम दर ओळीत दोन-तीन अक्षरं गिळतो.

“मामा, आबांना दे की,” भाची म्हणाली.

आबा म्हणजे तिचे आजोबा, ताईचे सासरे. उमेदीची सगळी वर्षं तार खात्यात काढलेली. मी जरा बिचकत विचारलं, “आबा, हे जरा ऐकता का?” त्यांनी हेडफोन नको म्हटलं, स्पीकरवर लाव म्हणाले. डोळे मिटले आणि बोट टेबलावर हलू लागलं. दोनदा ऐकल्यावर पेन्सिल मागितली. एम, ई, आर, ओ, पी, ई. मग थांबले. “पुढे आकडा आहे. पाच टिंबं, म्हणजे पाच. मग सी.”

मेरोपी ५ सी. मेरोपी सिस्टीममधल्या एका चंद्राचं हे नाव त्यांनी आयुष्यात ऐकलेलं नव्हतं.

मी विचारलं, इतक्या आवाजात कळलं कसं? ते म्हणाले, “ऑफिसात दहा यंत्रं एकदम कडकट्ट करायची. आपल्याला आपलंच ऐकायचं असतं.” मग शंकरपाळ्याचा तुकडा तोंडात टाकत म्हणाले, “पण याला हात नाही. माणसाने पाठवलं की कुठे ओढतो, कुठे घाई करतो. नाशिकचा कोण आणि मनमाडचा कोण, ते हातावरून कळायचं. हा सगळं सारखं पाठवतो. यंत्र आहे हे.”

परकी वस्तू ही माणसाची नाही, हा निष्कर्ष त्यांनी मोर्सवरूनच काढला. जुलै २०१३ मध्ये देशातली तार सेवा बंद झाली. आबांच्या कानातली मात्र चालू आहे.

प्रदर्शनात प्रोग्रॅम ठेवायचा, पण शेजारी आबांनाही बसवायचं. ते तयार आहेत. अट एकच: खुर्ची हात असलेली हवी.

शनिवार, १ नोव्हेंबर

आजपासून दिशा.

वस्तू मोकळी सोडली की ती हळूहळू वळून एका दिशेला तोंड करते, हे तेव्हाच्या खेळाडूंच्या लक्षात आलं. वेगवेगळ्या सिस्टीममध्ये जाऊन ती सोडायची, मागे जाऊन यान तिच्या अक्षाशी जुळवायचं, समोर काय येतं ते आकाशनकाशात बघायचं. दोन ठिकाणच्या दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतील, तिथे काहीतरी आहे. भूमापनात करतात तेच. या रेघा मेरोपीकडे गेल्या.

तेव्हाचे कच्चे आकडे माझ्याकडे नाहीत, म्हणून मी खोटे तयार केले. मेरोपीभोवती १४० प्रकाशवर्षांवर यादृच्छिक जागा घेतल्या, प्रत्येकीपासून मेरोपीकडे रेघ काढली आणि तिला २ अंशांची चूक दिली. डोळ्याने यान जुळवताना एवढी चूक होणारच, उलट २ हा उदारपणा झाला. १४० प्रकाशवर्षांवर २ अंश म्हणजे बाजूला ४.९ प्रकाशवर्षं. माया ४.३ वर आहे. म्हणजे एका रेघेवरून मेरोपी की माया हे सांगताच येत नाही. दोन रेघांवरूनही नाही. दहा-बारा रेघा सगळीकडून घेतल्या की चूक दोनच्या आसपास उतरते आणि मग मेरोपी मायेपासून वेगळी ओळखू येते.

हे कॉम्प्युटरवर दाखवलं तर कोणी थांबणार नाही. धाग्यांनी करायचं. प्रमाण: एक प्रकाशवर्ष म्हणजे अर्धा सेंटिमीटर. पीव्हीसी पाइपची दीड मीटर बाजूची चौकट, मधोमध मेरोपीचा निळा मणी, सव्वादोन सेंटिमीटरवर मायेचा पांढरा. चौकटीवरून आत ओढलेले लाल धागे. सूर्य पिवळा, मेरोपीपासून १९० सेंटिमीटरवर एका स्टँडवर. गायाच्या हिशोबाचा सूर्य त्याच्या मागे २२० वर, त्याच रंगात फिका. हिप्पार्कोसचा तक्ताही आपोआप इथेच बसतो.

आमच्याकडच्या हार्डवेअरवाल्याला चौकटीचं चित्र दाखवलं. तो म्हणाला, “मच्छरदाणी आहे का?”

रविवार, २ नोव्हेंबर

भाची दोन दिवस राहायला आली आहे. चौकट उभी राहिली. धागे ओढायला सुरुवात केली. तिला सांगितलं, मेरोपीच्या मण्याकडे बघून नेम धरू नकोस. लांबून एक डोळा मिटून जुळव आणि बांध. तिने तसंच केलं.

पाच धागे झाले तेव्हा दोन मायेच्या जास्त जवळून जात होते. ती वैतागली. म्हणाली, “मामा, हे चुकीचं येतंय.” मी म्हटलं, असंच यायला हवं. दहाव्या धाग्यानंतर निळ्या मण्याभोवती गुंता दाट झाला आणि पांढरा मणी त्याच्या कडेला गेला. ती काही बोलली नाही, पण दुपारभर आणखी धागे बांधत बसली. जेवायला हाका माराव्या लागल्या.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

काल त्रिपुरी पौर्णिमा झाली. आज रात्री चंद्र कृत्तिकेला खेटून. इतका उजेड की दुर्बिणीतूनही तारका मोजणं कठीण. गटातल्या एकाने विचारलं, तुझी मेरोपी दाखव. दाखवली, म्हणजे कुठे असायला हवी ते दाखवलं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

तिसरी गोष्ट: सापडल्याच्या जागा. माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी सांगितली जाते.

यूए कुठे कुठे मिळाले याच्या याद्या खेळाडू ठेवत. कुणीतरी स्प्रेडशीटमध्ये तीन-तीन आकडे भरत बसलेलं. त्या जागा त्रिमितीत मांडल्यावर कळलं की त्या वाटेल तशा विखुरलेल्या नाहीत. मेरोपीभोवती साधारण १३० ते १५० प्रकाशवर्षांच्या कवचात आहेत. आत नाहीत, बाहेरही नाहीत. पोकळ गोळा.

गोळ्याचा मध्य काढणं सोपं. चार बिंदूंतून एक गोल जातो, जास्त बिंदू असले की सगळ्यांना कमीत कमी चुकवणारा गोल शोधायचा. मी पुन्हा बनावट बिंदू घेतले. सगळीकडून तीस बिंदू, १३० ते १५० मध्ये कुठेही. मध्य मेरोपीपासून तीनेक प्रकाशवर्षांत येतो. धाग्यांच्या तोडीचं.

पण खेळाडू सगळीकडून येत नाहीत. माणसांची वस्ती सूर्याभोवती, साधारण २०० प्रकाशवर्षांत. कवचाची जवळची बाजू सूर्यापासून २४० वर, म्हणजे वस्तीच्या कडेपासून थोडीच पुढे. लोक तिथे जास्त जाणार. म्हणून मी फक्त सूर्याच्या बाजूचे बिंदू ठेवून गणित केलं. मध्य लगेच घसरू लागला, आणि बरोबर सूर्य-मेरोपी रेघेवरच पुढे-मागे. गोळा थोडा मोठा आणि मध्य थोडा लांब, किंवा गोळा थोडा लहान आणि मध्य थोडा जवळ, दोन्हींत फरक कळत नाही. धाग्यांत हा दोष नाही, ते वेगवेगळ्या बाजूंनी येतात. उलट धाग्यांना जी नेमाची चूक सतावते ती गोळ्याला नसते, कारण त्यात कोणी नेमच धरत नाही. दोन्ही एकत्र केल्यावर मेरोपी हलत नाही.

त्या काळात चर्चा मात्र घुरघुरीची जास्त झाली. घुरघुरीत किती ठोके, त्यांचे दोनच्या पायात (बायनरीत) आकडे, त्या आकड्यांतून अक्षरं, अक्षरांतून भाकितं. माणसाला गूढ हवं असतं आणि स्प्रेडशीट भरणारा कंटाळवाणा वाटतो. पण लोकांना योग्य ताऱ्याशी नेलं ते त्या भरणाऱ्याने. माझ्या कोपऱ्यात त्याला मानाची जागा आहे. एक कोरी यादी ठेवणार, येणाऱ्याने चौकटीतल्या एका मण्याची जागा पट्टीने मोजून भरायची.

रविवार, ९ नोव्हेंबर

प्रत्यक्ष जाऊन आलो. म्हणजे खेळात.

डायमंडबॅक एक्स्प्लोरर हे यान, ताऱ्यांतून इंधन ओढणारा फ्युएल स्कूप, ग्रहावर चालवायची एक स्कॅरब गाडी. सूर्यापासून मेरोपी ३८०, एका उडीत पन्नासेक प्रकाशवर्षं पडतात, वाटेत ताऱ्यांतून इंधन भरत रमतगमत पोचलो. मेरोपी बी वर्गाची, निळीपांढरी आणि भोवती धुळीचा निळा पसारा. तो पसारा खेळवाल्यांच्या डोक्यातून आलेला नाही. टेम्पेल या खगोलशास्त्रज्ञाने १८५९ मध्ये पाहिलेला तेजोमेघ, एनजीसी १४३५, हाच.

मेरोपी ५ सी वर उतरलो. तेच नाव, जे आबांनी डोळे मिटून लिहून दिलं. जमिनीत रुजलेले परके ‘बार्नॅकल’ पहिल्यांदा सापडले ते इथे, जानेवारी २०१६ मध्ये. वस्तू २०१५ पासून मेरोपीकडे बोट दाखवत होती, पण लोक येऊन बघत आणि परत जात, कारण तोवर खेळात ग्रहांवर उतरताच येत नव्हतं. ती सोय डिसेंबर २०१५ च्या ‘होरायझन्स’ विस्ताराने दिली, आणि महिन्याभरात डोळ्यांनी जमीन चाळणाऱ्यांना ते दिसले: मधे फुगीर घुमट, भोवती जमिनीतून वर आलेले प्रचंड काटे. त्यांच्या फळांतून ‘मेटा-अलॉय’ मिळतं.

मेटा-अलॉयचा उपयोगही लोकांनी उलट्या बाजूने शोधला. काही खेळाडू यूए पकडून स्टेशनच्या काळ्या बाजारात विकत. पुरेशा जमल्या की स्टेशनची यंत्रणा बिघडायची, दुकानं-दुरुस्ती बंद. काहींनी हा खोडसाळपणाचा धंदाच केला, शत्रूच्या स्टेशनवर पोत्याने यूए नेऊन ओतले. मग कळलं की मेटा-अलॉय पोचवलं की स्टेशन सावरतं. विष आणि उतारा एकाच घरचे. हे तक्त्यावर दोन ओळींत येईल, लांबण लावणार नाही.

स्कॅरबमधून फोटो काढले. चांगले आलेत, पण अंधारे. प्रिंट करताना उजळावे लागतील.

रविवार, १६ नोव्हेंबर

आवाजाचं चित्र.

यूएनंतर २०१६ मध्ये त्याचा भाऊ मिळाला, ‘अननोन प्रोब’. त्याच्या शेजारी यानाचा शोधस्कॅनर चालवला की तो एक झटका देतो, यान थोडा वेळ मेल्यासारखं होतं, आणि एक सिग्नल सोडतो. कानाला कर्कश वाटतं. पण तोच आवाज स्पेक्ट्रोग्राममध्ये मांडला, म्हणजे आडवा काळ आणि उभी वारंवारता, तर भौमितिक आकृती दिसते.

भाचीला स्वतःचा आवाज आधी दाखवला. ती शीळ वाजवत बसली आणि पडद्यावर रेघ वरखाली होत राहिली. मग ‘खिडकी’ची, म्हणजे एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा घ्यायचा त्याची, लांबी बदलून दाखवली. ४४,१०० नमुने प्रतिसेकंद, त्यातले २,०४८ एका वेळी घेतले तर वारंवारता साडेएकवीस हर्ट्झपर्यंत वेगळी दिसते आणि काळ ४६ मिलिसेकंदांपर्यंत. ८,१९२ घेतले तर वारंवारता पाच हर्ट्झपर्यंत बारीक होते, पण काळ १८६ मिलिसेकंदांत फासला जातो. आकृतीच्या आडव्या रेघा धारदार केल्या की उभ्या पुसट. उभ्या धारदार केल्या की आडव्या जाड.

“दोन्ही एकदम नाही होत?”

नाही होत. यातून खेळ बनवणारे सुटत नाहीत आणि खोडदच्या रेडिओ दुर्बिणीचे शास्त्रज्ञही सुटत नाहीत. मागे फेब्रुवारीत विज्ञान दिनाला आमच्या गटातले काही जण ती दुर्बीण, जीएमआरटी, बघायला खोडदला गेले होते. तिथल्या पडद्यांवरचे सरकते पट्टे तिला फोटोत दाखवले. तिने सरळ विचारलं, तिथे कधी अशी आकृती आली का? असं काही आलं असतं तर पहिल्या पानावर वाचलं असतंस, म्हटलं.

प्रदर्शनात वेबकॅमच्या माइकवर थेट स्पेक्ट्रोग्राम चालू ठेवायचा. मुलं ओरडतील. ओरडू देत.

शनिवार, २२ नोव्हेंबर

तक्ते छापून आले. कृत्तिका-गाया तक्त्यावर सूर्य दोनदा दाखवलाय म्हणून गटातल्या एका ज्येष्ठांनी हरकत घेतली. लोक गोंधळतील म्हणाले. मी म्हटलं, काका, शास्त्रज्ञ वीस वर्षं गोंधळले, लोकांनी पाच मिनिटं गोंधळायला काय हरकत आहे? ते हसले, पण फिक्या सूर्याला वेगळा रंग द्यायला लावलाच. त्यांचं बरोबर होतं, आता लांबूनही कळतं.

आणखी एक तक्ता शेवटच्या क्षणी घेतला: पुढे काय झालं. जानेवारी २०१७ मध्ये उडी मारताना यानं मधेच खेचली जाऊ लागली आणि आठ पाकळ्यांचं थारगॉइड यान समोर येऊ लागलं. २०२२ च्या अखेरीपासून टायटन नावाची आठ प्रचंड यानं आली, त्यांना मेघगर्जनेच्या देवांची नावं: टारानिस, लेगाँग, इंद्र, ओया, कोसिहो, थोर, रायजिन, हदाद. कोसिहो तर डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या सूर्यापर्यंत आलं आणि तिथेच पाडलं गेलं. इंद्र शत्रूच्या बाजूला हे भाचीला अजिबात पटलेलं नाही. “पुराणात बघ, तो कधी कुणाच्या बाजूला होता?” हे आबांचं मत.

रविवार, ३० नोव्हेंबर

प्रदर्शन काल झालं.

आबांच्या खुर्चीसमोर रांग होती. प्रोग्रॅमच्या पडद्यासमोर कोणी नव्हतं. मुलं आपापली नावं टेबलावर टकटक करत आणि आबा ती वाचून दाखवत. मग एक मुलगा उगाच वाटेल तशी टकटक करून गेला तर आबा म्हणाले, “हे वाचता येत नाही, पण पाठवणारा घाईत आहे.”

धाग्यांची चौकट टिकली. दोन धागे तुटले, पुन्हा बांधले. कोऱ्या यादीत बरीच मोजमापं आली, काही सेंटिमीटरमध्ये तर काही इंचांत. घरी येऊन ती एका एककात आणली आणि मध्य काढला. निळ्या मण्यापासून बोटभर अंतरावर आला. पट्टी वाकडी धरणाऱ्यांची संख्या बघता चांगलाच.

एका आजींनी विचारलं, “मग खरंच आहे का तिथे काही?” सांगितलं, धूळ आहे, उजळलेली, नुसत्या डोळ्यांनी नाही पण कॅमेऱ्यात येते. त्यांना ते पुरेसं वाटलं. नातवाला नाही वाटलं.

उरलेली कामं: पाइप मोकळे करून पोटमाळ्यावर. प्रोग्रॅममध्ये आबांची युक्ती घालायची, म्हणजे आवाज किती मोठा हे न बघता ठोक्यांमधलं अंतर धरायचं. मागणाऱ्या शिक्षकांना चौकटीची मापं पाठवायची.

आणि प्रोब. तो मेरोपीकडे बघत नाही. त्या काळच्या नोंदींप्रमाणे त्याच्या रेघा ‘कॉल ७०’ विभागातल्या एका सिस्टीमकडे जातात, आणि तो अख्खा विभाग परवान्याअभावी बंद आहे, यान तिकडे उडीच घेत नाही. खरा कॉलिंडर ७० म्हणजे मृगाच्या पट्ट्याभोवतीचा तारकापुंज. भाचीने काल रात्रीच हिशोब केला: अर्ध्या सेंटिमीटरच्या प्रमाणात तो धागा हॉलच्या भिंतीबाहेर जातो. प्रमाण बदलायचं की मागचं दार उघडं ठेवायचं, हे तिच्या सहामाहीच्या मार्कांवर ठरेल, असं ताईचं म्हणणं.